बाटलीवरची रेघ

४ नोव्हेंबर, सोमवार

ही वही खरं तर ड्यूटीची. डेपोतून वर्षाला दोन मिळतात. एकीत मी फुकट्यांची नोंद करते, दुसरी कोरीच राहते. आजपासून हिच्यात घरचं लिहिणार, कारण घरात काहीतरी चाललंय आणि मला कुणी ते सांगत नाहीये.

सोळा वर्षं झाली मला बसमध्ये तिकिटं तपासायला लागून. मधल्याच थांब्यावर चढायचं, पुढचं दार अडवायचं, आणि तिकीट मागायच्या आधी नुसते चेहरे बघायचे. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो हटकून खिडकीबाहेर बघायला लागतो. बाहेर काही नसलं तरी बघतो. आज ताई तशा बघत होत्या.

ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, शिवणशाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. ठकू झाली तेव्हापासून आमच्याकडेच असतात. ठकू माझी लेक, अडीच वर्षांची. मी सकाळी सहाला निघते, चारला येते. मधले दहा तास पोर ताईंच्या ताब्यात.

आज चारला आले तर ठकू झोपलेली. कालही झोपलेली होती. परवाही. "कधीपासून झोपलीय?" म्हटलं. "झाला असेल तास," ताई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. शेजारणीचा मुलगा ठकूच्याच वयाचा. तो जिन्याच्या कठड्यावर माकडासारखा लोंबतो, आणि आमची ठकू दोन पायऱ्या चढली की हात वर करते, उचल म्हणून.

अंगाने मात्र गुटगुटीत आहे. रंगही उजळलाय. शेजारीण परवा म्हणालीच, केवढी गोरीपान झालीय हो! आणि एक बरं आहे, दूध मन लावून पिते. मी आले की तिच्या शेजारी आडवी होते, ती माझा कान धरते आणि बाटली रिकामी करते. दिवसभर लोकांच्या शिव्या खाल्लेल्या असतात मी. त्या दहा मिनिटांत सगळं विसरायला होतं.

७ नोव्हेंबर

ठकू कुंडीतली माती खात होती. चिमूटभर नाही, चांगला बकाणा भरलेला. मी बोटं घालून बाहेर काढली तर मलाच चावली.

पोर माती कधी खाते? भूक लागली की. सरळ विचारलं, "ताई, दुपारी काय खाल्लं हिने?" तर म्हणे, "काही खातच नाही ग. घास भरवला की थुंकते. दुधानेच पोट भरतं तिचं. मागे लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, दूध कमी करा. मी बोलले होते तुला."

दूध कमी करा! उद्या म्हणतील श्वास कमी घ्यायला सांगा. एवढ्याशा पोरीला एका जागी बसवून चार घास भरवायला चिकाटी लागते, ती राहिली नाही असं म्हणा ना. ह्यांना सांगितलं तर हे नुसते खोकले. छापखान्यातल्या धुळीने आठवडाभर खोकताहेत. बहिणीचा विषय निघाला की खोकला जास्तच येतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मी, ताई आणि ठकू.

बाहेरच्या बाकावर दीड तास. एकीची तक्रार पोराला दात आले नाहीत, दुसरीची पोरगा बोलत नाही, तिसरीची फार बोलतो. एक आजोबा नातवाचं डोकं हाताच्या वितीने मोजून सगळ्यांना विचारत होते, मोठं वाटतं का हो. मला वाटलं, मीच तेवढी खरी तक्रार घेऊन आलेय.

डॉक्टरीणबाई साठीच्या, केस बारीक कापलेले. आमच्याशी आधी बोलल्याच नाहीत. ठकूला टेबलावर बसवलं, खालची पापणी ओढून बघितली, मग तिचा तळहात आपल्या तळहाताशेजारी ठेवून बघत बसल्या. छातीला नळी लावली ती काढेचनात. आणि मग पहिला प्रश्न ताईंना! "झोप वाढलीय का?" ताईंनी मान हलवली. दोघींची नजरानजर झाली. ओळखीची नजर होती ती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मला विचारलं, "दूध किती पिते?" म्हणजे ताईंनी आधीच कान भरलेत. खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. मी म्हटलं, "इतर मुलं पितात तेवढंच."

"रक्त तपासून घेऊ," म्हणाल्या. लॅब कुठे, तर त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. वा! मी काल जन्मलेय का? म्हटलं, "एवढ्याशा पोरीचं रक्त कशाला काढायचं? आधी भूक लागायचं औषध द्या." बाई म्हणाल्या, "भुकेचं औषध मी देत नाही. रक्त आज नाही तर निदान आठवड्याभरात तपासा, टाळू नका. आणि तोवर ती काय खाते, काय पिते, सगळं लिहा. दोघींनी मिळून लिहा."

लिहायचं मला कुणी शिकवायला नको. पण दोघींनी मिळून कशाला? ज्याच्यावर संशय त्याच्याच हातात पेन देतात का कुणी? सकाळी जाताना मी किती दूध ठेवलं आणि आल्यावर किती उरलं, ते मीच लिहीन.

१३ नोव्हेंबर

आज डेपोत आमच्या कंट्रोलरबाई सांगत होत्या. त्यांच्या भावाकडे मूल सांभाळणारी बाई होती, ती पोराला सर्दीचं औषध पाजायची. पोर दिवसभर गाढ झोपायचं आणि बाई टीव्ही बघत बसायची. सहा महिने कुणाला पत्ता नाही.

माझ्या हातातला चहा गार झाला. सर्दीचं औषध आमच्याही कपाटात आहे. त्याने गुंगी येते, बाटलीवर लिहिलंच आहे तसं.

घरी आल्यावर ताई कपडे काढायला गच्चीवर गेल्या तेव्हा बाटली काढली, उजेडात धरली आणि औषध होतं तिथे पेनाने बारीक रेघ मारली. कुणाला बोलले नाही. ह्यांना तर मुळीच नाही, ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

ठकूची नोंद: सकाळी मी जायच्या आधी दोन बाटल्या. दिवसाच्या दोन ठेवल्या, दोन्ही संपल्या. मी आल्यावर एक. निजताना एक. डाळभाताचे तीन घास, दोन थुंकले. अंडं नाही. खडू अर्धा.

१६ नोव्हेंबर

रेघेच्या खाली गेलंय. चांगलं बोटभर.

मी कपाटासमोर उभीच राहिले. मागे ताई ठकूला मांडीवर घेऊन थोपटत होत्या, आणि माझं पोर डोळे अर्धे मिटून त्यांच्या खांद्यावर पडलेलं. मला वाटलं आत्ताच हिसकावून घ्यावं. पण बसमध्येसुद्धा मी असं करत नाही. माणूस पुढच्या थांब्यावर उतरायला उठला की मगच हात धरायचा.

रक्त तपासायचे दिवस संपले. नाही गेले. आधी हे निस्तरू दे.

२० नोव्हेंबर, बुधवार

पकडलं.

ड्यूटी अर्धी टाकून बारालाच घरी आले. किल्ली हळूच फिरवली. ताई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या, हातात ठकूची बाटली. दूध निम्मं, आणि वरून नळाशेजारच्या फिल्टरमधलं पाणी त्यात घालताहेत. शांतपणे, रोजची सवय असल्यासारख्या.

"हे काय चाललंय?"

दचकल्या. बाटली ओट्यावर ठेवली. खिडकीबाहेर बघितलं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. माझ्या लेकराच्या तोंडचं दूध पातळ करता, म्हणाले. उरलेलं कोण पितं, म्हणाले. तिला औषध पाजून झोपवता, मला सगळं कळलंय, म्हणाले. औषधाचं ऐकल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाल्या, "पाणी घालत होते, ते खरं. दुसरं खोटं."

"पाणी का घालत होतात?"

"आता सांगून तुला पटायचं नाही."

ठकू दारात उभी राहून दोघींकडे बघत होती. रडलीसुद्धा नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

२१ नोव्हेंबर

ताई गेल्या. दोन पिशव्या घेऊन, मावसबहिणीकडे. शिलाई मशीन राहिलंय. हे त्यांना सोडायला गेले आणि परत आल्यावर न जेवता झोपले. मी म्हटलं, "तुम्हाला बहिणीचं दुःख आहे, पोरीचं नाही?" तर म्हणाले, "मला तिनेच वाढवलंय ग. मला नाही झोपवलं औषध पाजून."

त्यांना नाही पाजलं म्हणजे ठकूला नाही पाजलं, हे कसलं लॉजिक! मी रजा टाकली. आता पोर माझ्या हातात आहे. आठ दिवसांत टुणटुणीत करून दाखवते.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दूध आता घट्ट, बिनपाण्याचं. काल सात बाटल्या प्यायली. जेवण मात्र शून्य. ताटली बघूनच तोंड फिरवते. मी तीन गोष्टी सांगितल्या, चमच्याचं विमान केलं, शेवटी ओरडले. मग दोघीही रडलो. मग बाटली दिली.

झोप कमी व्हायला हवी होती ना? चार दिवस झाले ताईंना जाऊन. आज सकाळी दहाला झोपली ती एकला उठली, पुन्हा तीनला झोपली. कपाटाला मीच कुलूप लावलंय. अंगात साठलेलं औषध उतरायला वेळ लागत असेल. दुसरं काय असणार?

जिना चढवून बघितलं. सहाव्या पायरीवर बसली. तोंड उघडं, छाती उकळत्या भाताच्या झाकणासारखी उडत होती. मी घाबरले. खरंच घाबरले. भिंतीला ओठ लावून चुना चाटत होती, आणि मी तिला मागे ओढायचंसुद्धा विसरले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते तसंच लिहिते. नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीने लिहीन.

सकाळी मीच डॉक्टरांकडे गेले. ह्यांनाही नेलं. टेबलावर ही वही ठेवली आणि म्हटलं, "रक्त काढा. पण झोपेच्या औषधासाठी तपासा. मला लेखी रिपोर्ट हवा. मी कुणाला सोडणार नाही." बाईंनी ठकूकडे बघितलं, आधी रक्त काढायला पाठवलं, आणि आम्हाला तिथेच बसवून वही वाचायला लागल्या. अगदी पहिल्या पानापासून. थांबवणार होते, पण पुरावा म्हणून मीच दिली होती.

वाचता वाचता त्यांनी पेन्सिल घेतली आणि बाटल्यांखाली रेघा ओढल्या. "ही बाटली केवढी?"

"पाव लिटरची."

"म्हणजे दिवसाला दीड लिटर. रविवारी पावणेदोन."

"हो. दूध चांगलं पिते ती." मी अभिमानानेच म्हटलं. देवा.

दुपारी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन पाच. अकराच्या वर हवं. बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला. "कुणी काही पाजलेलं नाही हिला. पाजलं ते दूध. दुधात लोह जवळजवळ नसतंच. पोट दुधाने भरलं की मूल जेवत नाही, आणि रक्त तयार व्हायला काही मिळत नाही. झोपते, धापा टाकते ती त्यामुळे. माती, खडू, चुना खाते तेही त्यामुळेच. अंगाने गुटगुटीत दिसते म्हणून कळत नाही. आणि ती गोरी झालेली नाहीये. पांढरी पडलीय."

मी म्हटलं, "पण ताई पाणी घालत होत्या."

"मला विचारून घालत होत्या. सप्टेंबरमध्ये त्यांचा फोन आला होता. बाटली काढून घेतली की रडते, आईला सांगितलं तर पटत नाही, मग पाणी वाढवत वाढवत सोडवू का? मी म्हटलं सोडवा, पण आईला सांगून. तेव्हाच मी तुम्हाला बोलवून घ्यायला हवं होतं. ती चूक माझी. आणि नऊ तारखेला मी तुम्हालाच विचारलं होतं, दूध किती. तुम्ही काय सांगितलंत?"

काय सांगितलं ते माझ्याच अक्षरात त्यांच्यासमोर उघडं होतं. शिडीवरच्या माणसासकट.

मग मला एकच गोष्ट सुचली. म्हटलं, "आणि औषध? ते कसं कमी झालं? मी रेघ मारली होती!"

हे शेजारून म्हणाले, "कुठली रेघ? सर्दीच्या बाटलीवरची? अग, मी घेतलं ते. खोकला नव्हता का मला? चार दिवस घेत होतो."

"मग ताई गेल्या तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू रेघेचं मला कधी सांगितलंस? तू म्हणालीस, मला कळलंय. मला वाटलं, तुला काहीतरी खरंच कळलंय."

डॉक्टरीणबाईंनी आमच्या दोघांच्या मध्ये पाण्याचा पेला सरकवला. कुणीच प्यायलं नाही.

ठकूला दोन-तीन दिवस इथेच दवाखान्यात ठेवणार आहेत. हृदय फार धावतंय, त्यावर लक्ष हवं. लोहाचं औषध सुरू केलंय. बाटली बंद, दूध कपाने, दिवसाला दोन कप. मघाशी पाच वाजता तिने माझा कान धरला आणि बाटली मागितली. मी नाही म्हटलं. तिने कान सोडून दिला. मला वाटलं, आता मी हिला काय देऊ? दिवसभर नसतेच मी. एवढं एकच तर द्यायचे.

१ डिसेंबर, रविवार

काल घरी आलो. ठकू बरी आहे, चिडकी आहे, केळं अर्धं खाल्लं.

आज ताईंकडे गेले. एकटीच. मावसबहिणीचं घर दुसऱ्या मजल्यावर. ताईंनीच दार उघडलं. मी दारातच म्हटलं, "माझं चुकलं. पाय धरते तुमचे." वाकले तर मागे सरकल्या.

"रक्त किती?" हे पहिलं विचारलं.

"पाच होतं."

भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. "मला वाटलं होतं सात असेल," म्हणाल्या. मग डोळे पुसले. "मी तुला ओरडून सांगायला हवं होतं. पाणी कसलं घालत बसले मी!"

"मला का नाही सांगितलंत ताई?"

"भीती वाटायची ग तुझी." अगदी साधेपणाने म्हणाल्या. "तू विचारत नाहीस, तपासतेस. आल्या आल्या ओटा बघतेस, झाकणं उघडतेस, पोरीचे हात हुंगतेस. चार वाजायला आले की मी ओटा पुन्हा पुन्हा पुसत बसायचे. काही केलेलं नसलं तरी."

मी म्हटलं घरी चला. म्हणाल्या, "नाही. पोरीला इथे आणून सोड. दहा तास नाही, चोवीस तास सांभाळीन. पण तुझ्या घरात आता राहणं नाही."

खूप रडले मी. त्यांनी रडू दिलं. पण हो म्हणाल्या नाहीत.

१६ डिसेंबर, सोमवार

शनिवारी रक्त तपासलं. सात पूर्णांक दोन. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. ठकूने त्यांच्या टेबलावरून उडी मारली.

आजपासून मी कामावर. रोज पावणेसहाला ठकूला ताईंकडे सोडायचं ठरलंय. आज दोन्ही मजले स्वतः चढली. वरच्या पायरीवरून हाक मारली, "आत्याऽ!" ताई दारात आल्या, तिला उचललं, तिच्या मानेत तोंड घातलं. मी निघणार तेवढ्यात म्हणाल्या, "थांब."

आतून ताट घेऊन आल्या. त्यावर चार वाट्या, झाकलेल्या. एकेक झाकण उचललं. "हे अंडं, आठ वाजता. ही डाळ, भाजी घालून, बाराला. हे संत्रं, औषधाबरोबर. हे दूध, एक कप, तीनला. बघ, पाणी नाही." वाटी माझ्यासमोर तिरकी धरली. लोहाच्या औषधाची बाटलीही आणली होती. तिच्यावर त्यांनी स्वतःच पेनाने रेघ मारून ठेवली होती. रेघेचं ह्यांनीच सांगितलं असणार.

मी म्हटलं, "ताई, असं नका करू. मला काही बघायचं नाही."

"बघ," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "रोज बघून जा. म्हणजे मला दिवसभर बरं वाटेल."

मी चारही वाट्या बघितल्या. रेघ बघितली. मान हलवली. मग त्यांनी झाकणं परत लावली, एकेक करून, आणि दार लोटून घेतलं.